अर्ध्या मैलाचा महामार्ग: एम-२०९ ची गोष्ट

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा खालचा भाग नकाशावर हातमोज्यासारखा दिसतो. त्या हातमोज्याच्या करंगळीला लीलानाव काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. या करंगळीच्या पश्चिम कडेला, मिशिगन सरोवराच्या काठी, ग्लेन हेवन नावाचं चिमुकलं गाव आहे. मुख्य रस्त्यावरून गावात जाणारा जो फाटा आहे त्याची लांबी जेमतेम अर्धा मैल, म्हणजे ८०० मीटरच्या आसपास. रमतगमत चाललं तरी दहा-बारा मिनिटांत संपतो. एवढासा हा फाटा कित्येक वर्षं चक्क राज्य महामार्ग होता. क्रमांक एम-२०९. मिशिगनमधला सगळ्यात छोटा राज्य महामार्ग म्हणून त्याची ओळख होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर राज्य सरकारने त्याचा महामार्गाचा दर्जा काढून घेतला. इंग्रजी शब्द ‘डीकमिशन्ड’. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर उखडलेलं डांबर, तुटका पूल, वाटेवर उगवलेलं गवत येतं. इथे तसलं काहीही झालं नाही. रस्ता होता तिथेच आहे, त्याची रुंदी तीच आहे, आजही त्यावरून गाड्या जातात. मग नेमकं काय बंद झालं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की रस्ता ही चीज मुळात काय असते, ती कोणाची असते आणि तिचा खर्च कोण उचलतं, हे सगळं आपोआप उलगडत जातं. म्हणून मला हा रस्ता फार मोलाचा वाटतो. मोठ्या महामार्गांच्या गोष्टीत पूल, बोगदे, अपघात, राजकारण असं बरंच काही येतं आणि मूळ मुद्दा त्यात हरवतो. इथे हरवायला जागाच नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘महामार्ग’ म्हटलं की मराठी माणसाला चार पदरी रस्ता, दुभाजक आणि टोलनाका आठवतो. अमेरिकी कायद्यात ‘हायवे’ म्हणजे सर्वांना वापरायला खुला असलेला कुठलाही सार्वजनिक रस्ता. तो किती रुंद आहे, त्यावर गाड्या किती वेगाने धावतात, याचा त्या शब्दाशी संबंध नाही. ‘राज्य महामार्ग’ यातला महत्त्वाचा शब्द ‘राज्य’ हा आहे. त्या रस्त्याची जबाबदारी राज्य सरकारची, एवढाच त्याचा अर्थ. मिशिगनमध्ये अशा रस्त्याला ट्रंकलाइन म्हणतात. या राज्यात मॅकिनॅक नावाच्या बेटाला वळसा घालणारा एम-१८५ हा राज्य महामार्ग आहे. सुमारे आठ मैलांचा. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोटारींना बंदी आहे, त्यामुळे या महामार्गावर लोक चालतात, सायकली चालवतात आणि घोडागाड्या फिरवतात. तरीही तो महामार्गच, कारण त्याची जबाबदारी राज्याची. एम-१८५ डोक्यात ठेवला की एम-२०९ समजायला सोपा जातो.

राज्याने हात पोळून घेतले होते

राज्य सरकारने रस्ते बांधायचे, यात आज कोणाला वावगं वाटत नाही. मिशिगनमध्ये मात्र पन्नासहून अधिक वर्षं राज्याला तशी मनाईच होती.

मिशिगन १८३७ मध्ये राज्य म्हणून अमेरिकी संघात आलं. नव्या राज्याचा उत्साह दांडगा होता. लोहमार्ग आणि कालवे बांधायचे म्हणून त्याच वर्षी ५० लाख डॉलरचं कर्ज काढायचं ठरलं. त्याच साली अमेरिकेत मोठं आर्थिक संकट कोसळलं. कामं अर्धवट राहिली, काही पुढे विकून टाकावी लागली आणि राज्य कर्जात बुडालं. हा चटका इतका खोल होता की १८५० च्या नव्या राज्यघटनेत कलमच घातलं गेलं: राज्याने असल्या बांधकामांच्या भानगडीत पडायचं नाही. रस्त्यांचं काम खाली, टाउनशिपकडे गेलं. टाउनशिप म्हणजे गावांच्या छोट्या गटासारखा कारभाराचा भाग. तिथले शेतकरी कर म्हणून पैसे देण्याऐवजी वर्षातले काही दिवस रस्त्यावर राबत. माती ओढायची, खड्डे भरायचे, झालं. पावसाळी हवेत अशा रस्त्यांचा चिखल व्हायचा. टाउनशिपची हद्द संपली की पलीकडच्या रस्त्याची अवस्था कशी असेल, ते पलीकडच्यांवर.

ही व्यवस्था मोडायला मोटारवाल्यांच्या आधी सायकलवाले उभे राहिले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकलचं वेड पसरलं होतं आणि चिखलात सायकल चालत नाही. होरेशियो अर्ल हे अशाच सायकलस्वारांच्या चळवळीतले पुढारी. चांगल्या रस्त्यांसाठी त्यांनी रान उठवलं. १९०५ मध्ये घटनादुरुस्ती झाली, राज्याला रस्त्यांवर खर्च करायची मुभा मिळाली, राज्याचं महामार्ग खातं सुरू झालं आणि त्याचे पहिले आयुक्त म्हणून अर्ल यांचीच नेमणूक झाली. १९१३ मध्ये ट्रंकलाइन कायदा आला: राज्यभरातले महत्त्वाचे रस्ते हेरून त्यांचं एक जाळं ठरवायचं आणि त्याची जबाबदारी राज्याने घ्यायची.

१९१९ मध्ये या रस्त्यांवर क्रमांकाच्या पाट्या लागायला लागल्या. शेजारच्या विस्कॉन्सिनने आदल्या वर्षी हे केलं होतं. मिशिगन त्याच्या पाठोपाठ, देशात दुसरं. चौकटीच्या एक्क्यासारख्या उभ्या चौकोनात वर इंग्रजी ‘एम’ आणि खाली आकडा, असं त्या पाटीचं रूप. आजही बहुतांश तेच आहे. त्याआधी रस्त्यांना नावं होती, पण नाव गावोगाव बदलतं. आकडा राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच राहतो आणि परक्या माणसालाही कळतो.

आकडा लागला की रस्त्याची नोंद राज्याच्या वहीत होते. सातबाऱ्यावर नाव चढावं तशी. जमीन तीच, माती तीच, पण बांध फुटला तर दुरुस्त कोणी करायचा हे त्या नावावरून ठरतं.

पुढे १९३१ च्या कायद्याने टाउनशिपकडचे रस्ते टप्प्याटप्प्याने काउंटीकडे आले. तेव्हापासून मिशिगनमधल्या सार्वजनिक रस्त्याचा मालक, काही अपवाद सोडले तर, तीनपैकी एक असतो: राज्य, काउंटी, किंवा शहर-गावाची नगरपालिका. एका रस्त्याचे दोन मालक नसतात. एम-२०९ चं पुढे जे झालं ते समजायला एवढी मांडणी पुरे.

पण अर्ध्या मैलाला क्रमांक कशाला?

नकाशावर पाहिलं तर ही फांदीची फांदी आहे. लीलानाव द्वीपकल्पाला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालणारा एम-२२ हा मोठा रस्ता. त्यातून फुटून, वाळूच्या प्रचंड टेकड्यांजवळून जाऊन पुन्हा एम-२२ लाच मिळणारा एम-१०९. आणि त्या एम-१०९ मधून सरोवराकडे गेलेला इवलासा फाटा एम-२०९. क्रमांकांमध्येही १०९, २०९ अशी नात्याची खूण दिसते.

आज नुसता नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, कोणा अधिकाऱ्याने हौसेखातर हे केलं असावं. गावाचा इतिहास पाहिला की तसं वाटत नाही.

ग्लेन हेवन वसलं ते १८५७ च्या सुमारास. तेव्हा मोठा रस्ता म्हणजे सरोवर. शिकागोहून उत्तरेला निघालेली जहाजं मुख्य किनारा आणि मॅनिटू बेटं यांच्यामधल्या खाडीतून जायची, कारण तो जवळचा रस्ता होता. वाफेच्या बोटींना इंधन लागायचं आणि ते इंधन म्हणजे लाकूड. जळाऊ लाकडाची मोजणी तिथे ‘कॉर्ड’मध्ये होते: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब असा रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड. बोट धक्क्याला लागली की असे ढीगच्या ढीग तिच्या पोटात जायचे. मागे मेपल आणि बीचची घनदाट जंगलं, पुढे खोल पाणी आणि वाटेवरची जागा. अशा ठिकाणी धक्का बांधून लाकूड विकणं हा रोकडा धंदा होता. चार्ल्स मॅकार्टी नावाच्या माणसाने तो सुरू केला, लाकूड कापायची गिरणी टाकली आणि गावाला तेव्हा नाव दिलं स्लीपिंग बेअरव्हिल.

या नावामागे तिथल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांची कथा आहे. सरोवराच्या पलीकडच्या तीरावर जंगलाला वणवा लागतो. एक अस्वलीण आणि तिची दोन पिल्लं पाण्यात उडी घेऊन पोहत निघतात. आई या काठाला पोहोचते, टेकाडावर चढते आणि पिल्लांची वाट पाहत बसते. पिल्लं दमून काठाजवळच बुडतात. ती दोन पिल्लं म्हणजे उत्तर आणि दक्षिण मॅनिटू ही बेटं, आणि वाट पाहता पाहता निजलेली आई म्हणजे किनाऱ्यावरची वाळूची टेकडी. त्या भागाला ‘निजलेलं अस्वल’ असं नाव पडलं ते यावरून.

नंतर हे गाव एका जहाज कंपनीकडे गेलं. तिला आपल्या बोटींसाठी लाकडाची खात्रीची वखार हवी होती. १८७८ मध्ये तिचा माणूस म्हणून डेव्हिड हेन्री डे इथे आला आणि पुढची पन्नास वर्षं ग्लेन हेवन म्हणजे डे असं समीकरण होऊन बसलं. गावातलं दुकान त्याचं, धक्का त्याचा, गिरणी त्याची. गिरणी आतल्या अंगाला, ग्लेन लेक नावाच्या छोट्या तळ्याकाठी होती. तिथून मोठ्या सरोवरावरच्या धक्क्यापर्यंत लाकूड आणायला ट्रामवे टाकलेला होता. त्यावरच्या वाघिणी सुरुवातीला घोडे ओढत, पुढे छोटं वाफेचं इंजिन आलं. म्हणजे तळ्याकडून धक्क्याकडे माल वाहून आणणारी वाट ही मोटारीच्या कितीतरी आधीची. या गावाचं पोटच त्या वाटेवर होतं.

डेचं मोठेपण हे की, आपण तोडतोय ते जंगल संपणार आहे हे त्याने वेळेवर ओळखलं. त्याने शेती वाढवली, चेरी आणि सफरचंदाच्या बागा लावल्या. एम-१०९ वरून आजही त्याच्या शेतावरचं पांढरं, भलंमोठं धान्यकोठार दिसतं. १९२० च्या दशकात धक्क्याजवळच्या इमारतीत चेरी डबाबंद करण्याचा कारखाना सुरू झाला. डे राज्याच्या पहिल्या उद्यान आयोगाचा अध्यक्ष होता. त्याने स्वतःची जमीन दिली आणि तिथे त्याच्याच नावाचं राज्य उद्यान उभं राहिलं, मिशिगनच्या अगदी सुरुवातीच्या उद्यानांपैकी एक.

म्हणजे राज्याचे रस्ते आखले जात होते त्या काळात या अर्ध्या मैलाच्या टोकाला काय काय होतं ते बघा: बोटींचा धक्का, खानावळीसह मुक्कामाची जागा, दुकान, चेरीचा कारखाना आणि जवळच समुद्रासारख्या सरोवरावर पहारा देणारं जीवरक्षक ठाणं. किनाऱ्यावर माल आणि माणसं उतरायची आणि मोटारीने आत जायची. बोट आणि मोटार यांच्या मधला हा सांधा होता. सांध्याची लांबी कोणी मोजत नाही. तो नसला तर काय अडतं ते पाहतात. या नजरेने अर्ध्या मैलाला दिलेला क्रमांक मला अजिबात विचित्र वाटत नाही.

जीवरक्षक ठाण्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅनिटू बेटांमधली ही वाट जवळची, पण उथळ वाळूच्या पट्ट्यांची आणि अवचित वादळांची. म्हणून विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १९०१-०२ मध्ये, स्लीपिंग बेअर पॉइंटवर ठाणं उभारलं गेलं. जहाज किनाऱ्याजवळ फुटलं आणि लाटांमुळे होडी नेणं अशक्य झालं तर तिथले लोक एक छोटी तोफ डागायचे. तोफेतून निघालेल्या लोखंडी तुकड्याला बारीक दोरी बांधलेली असे. ती फुटक्या जहाजावर पडली की खलाशांनी ती ओढायची, तिच्यामागे जाड दोर यायचा, तो डोलकाठीला घट्ट बांधायचा. मग त्या दोरावरून कप्पीने एक तरंगती कडी पलीकडे पाठवली जायची. त्या कडीला कॅनव्हासची आखूड चड्डी शिवलेली. खलाशाने त्या चड्डीत पाय घालून बसायचं आणि किनाऱ्यावरच्यांनी त्याला लाटांवरून ओढून आणायचं. एका खेपेला एक माणूस. जहाजावर वीस जण असतील तर वीस खेपा.

आणि या ठाण्यावरच वाळू चालून आली. तिथल्या टेकड्या स्थिर नाहीत, वाऱ्याबरोबर सरकतात. ठाणं गाडलं जाणार हे दिसायला लागलं तेव्हा १९३१ मध्ये ते उचलून ग्लेन हेवनच्या बाजूला आणावं लागलं.

कारणं एकेक करून गेली

बोटींना लाकडाऐवजी कोळसा लागायला लागला. मग माणसं बोटीऐवजी मोटारीने यायला लागली. १९२८ मध्ये डे वारला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रवासी बोटी धक्क्याला लागणं थांबलं, पुढे चेरीचा कारखानाही बंद पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किनाऱ्यावरचं ठाणंही बंद झालं.

गाव मात्र लगेच संपलं नाही. १९३५ मध्ये डेच्या मुलीने आणि जावयाने एक नवी कल्पना काढली: फुगीर टायर लावलेल्या उघड्या मोटारींतून पर्यटकांना वाळूच्या टेकड्यांवर फिरवायचं. ही सफर तुफान चालली आणि चाळीसहून अधिक वर्षं, १९७८ पर्यंत सुरू राहिली. म्हणजे लाकडासाठी असलेली वाट आता सुट्टीवर आलेल्या कुटुंबांना वाळूपर्यंत नेऊ लागली. रस्त्याचं काम बदललं, रस्ता कामाचा राहिला.

खरा बदल २१ ऑक्टोबर १९७० ला झाला. त्या दिवशी या वाळूच्या टेकड्यांचा परिसर, स्लीपिंग बेअर ड्यून्स, हा राष्ट्रीय सरोवरकिनारा म्हणून कायद्याने राखीव झाला. सिनेटर फिलिप हार्ट यांनी ते जवळजवळ दहा वर्षं लावून धरलं होतं. स्थानिक जमीनमालकांचा विरोध कडवा होता, कारण पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आणि बागा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे जाणार होत्या. तो विरोध मला समजतो. टेकड्या वाचल्या याचा आनंद मानणाऱ्याने, त्यासाठी कोणाची तरी उंबऱ्याची जागा गेली हेही लक्षात ठेवायला हवं. ग्लेन हेवन गाव उद्यान सेवेच्या ताब्यात आलं. दुकान, कारखाना, लोहाराचं दुकान, खानावळ, सगळ्या इमारती राहिल्या. राहणारी माणसं गेली.

आता राज्याच्या नजरेने या फाट्याकडे पाहा. टोकाला धक्का नाही, कारखाना नाही, वस्ती नाही. पलीकडे कुठे जाता येत नाही. जे आहे ते केंद्र सरकारचं उद्यान. राज्याच्या जाळ्यात एखादा रस्ता ठेवायचा तर तो गावांना किंवा बाजारांना जोडणारा, लांबच्या वाहतुकीचा असावा, ही अपेक्षा. एम-२०९ ती पुरी करेनासा झाला होता. त्याचा क्रमांक काढला गेला आणि रस्ता लीलानाव काउंटीच्या रस्ते आयोगाकडे सोपवला गेला.

‘सोपवला’ म्हणजे नेमकं काय

मिशिगनमध्ये रस्त्यांसाठीचा पैसा मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरचा कर आणि वाहन नोंदणीचं शुल्क यांतून येतो. तो एका निधीत जमा होतो आणि १९५१ च्या एका कायद्याने ठरलेल्या सूत्राने वाटला जातो. काही ठराविक रकमा आधी बाजूला काढल्या की उरलेल्यातले ३९.१ टक्के राज्याच्या महामार्गांना, तितकेच काउंट्यांना आणि २१.८ टक्के शहरं-गावांना. काउंटीचा वाटा ठरवताना इतर गोष्टींबरोबर तिच्याकडे किती मैल रस्ते आहेत हेही धरलं जातं. म्हणून रस्ता कोणाच्या यादीत आहे हा पैशाचा प्रश्न असतो. यादीतला मैल म्हणजे उत्पन्नाचा थोडासा हिस्सा, आणि त्याच्यासोबत येणारे खड्डे, बर्फ, पाट्या, गटारं.

यादीतून यादीत जायची रीत १९६९ च्या एका स्वतंत्र कायद्यात घालून दिलेली आहे. सहसा दोन्ही बाजू बसून करार करतात. घेणारा विचारतो: रस्ता कोणत्या अवस्थेत देताय? डांबर शेवटचं कधी टाकलं? काही वेळा देणारा आधी डागडुजी करून देतो, काही वेळा त्याऐवजी रक्कम ठरते. मग ठराव, सह्या, नोंदी. शेवटी कोणीतरी शिडी लावून चौकटीच्या आकाराची पाटी उतरवतो. रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं ते एवढंच.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट बर्फाची आहे. लीलानावमध्ये हिवाळ्यात सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे भरपूर बर्फ पडतो आणि रस्ता मोकळा ठेवणं हे देखभालीतलं मोठं काम. मिशिगनमधल्या बहुतेक काउंट्यांमध्ये राज्य महामार्गांवरचा बर्फही काउंटीचेच ट्रक काढतात. राज्याने त्यांच्याशी तसा करार केलेला असतो आणि खर्चाचे पैसे राज्य देतं. म्हणजे अशा काउंटीत एखादा रस्ता राज्याकडून काउंटीकडे गेला, तर त्या पहाटे येणारा ट्रक बहुधा तोच असतो, पुढचं लोखंडी पातंही तेच. बदलतं ते बिल कोणाच्या खात्यावर लागतं एवढं. महामार्ग डीकमिशन होणं म्हणजे काय, हे मला कोणी एका वाक्यात विचारलं तर मी हे बर्फाच्या ट्रकचं उदाहरण देईन.

सगळे महामार्ग असेच उतरतात असं नाही. बरेचसे मोठ्या भावापायी जातात. शेजारून नवा द्रुतगती मार्ग होतो, वाहतूक तिकडे वळते आणि जुन्याची पाटी निघते. मिशिगनमध्ये यूएस-१६ हा जुना, राज्याला आडवा छेदून जाणारा रस्ता १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आय-९६ या द्रुतगती मार्गाच्या पोटात गेला. देशभर गाजलेला रूट ६६ असाच गेला. १९२६ मध्ये क्रमांक मिळालेला हा रस्ता जून १९८५ मध्ये यादीतून काढला गेला, कारण त्याच्या बरोबरीने जाणारे आंतरराज्य द्रुतगती मार्ग तयार झाले होते. तिथे रस्त्याचं काम दुसऱ्या रस्त्याने हिरावलं. एम-२०९ ला असा कोणी स्पर्धक नव्हता. त्याचं काम टोकाला असलेल्या गावाबरोबरच सरलं, आणि मोठ्या रस्त्यांच्या गाजलेल्या गोष्टींत हा दुसरा प्रकार कोणी सांगत नाही.

आज

एम-२०९ यादीतून गेल्यावर मिशिगनमधला सगळ्यात छोटा, पाटी असलेला राज्य महामार्ग हा मान एम-२१२ कडे गेला. तो पाऊण मैलाला किंचित कमी आहे आणि अलोहा राज्य उद्यानाच्या दारापर्यंत जातो. पुन्हा एक फाटा, पुन्हा पाण्याकाठी संपणारा. रस्ते आखणाऱ्यांनी एके काळी काय महत्त्वाचं मानलं होतं ते अशा फाट्यांवरून कळतं. जिथे माणसं पाण्याला भेटतात तिथपर्यंत राज्याने रस्ता न्यावा, असा तो विचार होता.

ग्लेन हेवनच्या त्या फाट्याला आता आकडा नाही. ग्लेन हेवन रोड हे त्याचं साधं नाव. उद्यान सेवेने गाव जपलं आहे. दुकान १९२० च्या दशकात होतं तसं मांडलेलं आहे, लोहाराच्या दुकानात ऐरणीवर घाव पडतात, चेरीच्या कारखान्यात आता सरोवरावरच्या जुन्या लाकडी होड्या ठेवल्या आहेत. १९३१ मध्ये हलवलेल्या जीवरक्षक ठाण्यात १९८४ पासून संग्रहालय आहे. उन्हाळ्यात तिथे मुलांना जमवून जीवरक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवतात. छोटी तोफ डागली जाते, दोर ताणला जातो आणि ‘बुडत्या जहाजा’वरून दोन कापडी बाहुल्यांना कॅनव्हासच्या चड्डीत बसवून एकेक करून किनाऱ्यावर ओढून आणलं जातं.

ते पाहायला येणारी प्रत्येक गाडी एम-१०९ वरून वळते आणि त्या अर्ध्या मैलावरूनच येते.